फिती अजून दंडावर

स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली आणि फरशीवर गरगरत राहिली. बाहेरच्या खोलीतल्या पाचही जणांनी ती थांबेपर्यंत ऐकली. एरवी भोईरांनी तिथूनच हाक मारली असती, "ज्ञानूबाय, काय फोडलं गं?" आज मारली नाही.

"अनुमोदन?" बैठकीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

जयवंती उभीच होती. ठराव मांडणाऱ्याने उभं राहायचं, ही सवय तिला चुरीकाकांनीच लावलेली. घर तिचं, सतरंजी तिची, कपबश्या तिच्या. तरी कुणाच्या तरी दारात थांबल्यासारखं वाटत होतं.

ठराव दोन ओळींचा होता. कामणच्या सरकारी वखारीतल्या युनियनचे सचिव श्रीरंग चुरी यांनी वेतनकराराच्या बोलणीत रोजंदारी बायांची मागणी शाखेला न विचारता सोडून दिली. त्याचा जाब त्यांनी सगळ्या सभासदांसमोर द्यावा. अनुमोदन मिळालं तर चर्चा. नाही मिळालं तर ठराव मांडलाच नाही असं धरायचं.

तिने व्हॅलेरियनकडे पाहिलं. वजनकाट्यावर तो आणि ती शेजारीशेजारी बसत. शुक्रवारी डबा खाताना तो स्वतःहून म्हणाला होता, "तू मांड. पाठिंब्याला मी आहे." आता तो बशीतला चहा बघत होता. चहावर साय धरली होती.

मॅनेजरने युनियनची खोली काढून घेतल्यापासून बैठका जयवंतीकडे होत. वसई पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरची ही जागा सगळ्यांना सोयीची, आणि घरात कुणी मोठं माणूस नाही. नवरा, सुमेध, गेला तेव्हा मुलगी ज्ञानदा पाळण्यात होती. त्याच्या जागी जयवंतीला नोकरी लागावी म्हणून चुरीकाका वर्षभर साहेबांच्या दारात बसले होते. सांडोरची वाडी मुलांवर टाकून. आताही दर रविवारी ते वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन येत आणि आल्याआल्या ज्ञानदाच्या हातात देत. चार पुरुषांच्या चपला दाराशी दिसल्या की घर भरल्यासारखं वाटायचं. भोईर ओरडायचे, "जयवंतीबाय, चहात साखर आत्ता टाकनार का पगारवाढ झाल्यावर?" सोमवार ते शनिवार ती या एका सकाळची वाट बघायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज केळी दाराजवळच राहिली होती, कागदात गुंडाळलेली.

"ताई, राग मानू नका," प्रीतम म्हणाला. तो ऑफिसात टायपिस्ट होता, वैशाखात त्याचं लग्न. "करार झालाय. आता कशाला काड्या घालायच्या? त्या बाया तर आपल्या सभासदही नाहीत."

"फिती लावायला कशा चालल्या मग?"

प्रीतमने कप उचलून तोंडाला लावला.

महिनाभर काळ्या फितींची मोहीम चालली होती. गोण्यांच्या थप्प्यांखाली सांडलेलं धान्य झाडून वेचणाऱ्या बायांनीच त्या फिती शिवल्या. सुकरीने आपला काळा परकर फाडला. पहिल्या दिवशी फाटकापाशी सगळ्यांच्या दंडावर टाचणी लावताना ती हसून म्हणाली होती, "जपून ठिवा, माझा परकर हाय त्यो." मंगळवारी करारावर सह्या झाल्या. कायम नोकरांना वाढ मिळाली, बायांना काही नाही. त्याच संध्याकाळी वखारीतल्या सगळ्या कायम नोकरांनी फिती काढल्या. जयवंतीनेही काढली.

काल दुपारी ती पाणी प्यायला मागच्या शेडमध्ये गेली. बाया धान्य चाळत होत्या. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि प्रत्येकीच्या दंडावर काळी फीत.

"सुकरी, हे अजून?"

"चुरीदादा बोल्ला व्हता, मी सांगंन तवा काढा." सुकरी सूप खाली ठेवून म्हणाली. "अजून कुठं सांगितलं? का गं, झाला का आमचा कायतरी?"

जयवंतीने अर्धा पेला तसाच खाली ठेवला. "उद्या विचारते," एवढंच ती म्हणाली.

"हां, इचार. तू हायेस म्हून बरं हाय."

"अनुमोदन नसेल तर," भोईर खाकरले, "मंग ठराव..."

"माझं आहे."

चुरीकाकांचा हात वर होता. मनगटावरचं ढिलं घड्याळ कोपराकडे घसरलं होतं.

"श्रीरंगभाऊ, तुमच्यावरच तर ठराव हाय."

"माझ्यावर असेल तर मी अनुमोदन द्यायचं नाही, असं आपल्या घटनेत कुठं आहे? दाखव मला." त्यांनी हात खाली घेतला. "पोरगी उभी आहे मघापासून. बस, जया. चर्चा होऊ दे."

ती बसली. तिला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आला तो व्हॅलेरियनचा.

"वरचे म्हणाले, बाया सोडा, आजच सही करतो," चुरीकाका सांगू लागले. आवाज नेहमीसारखा, गेटवरच्या सभेत असायचा तसा, फक्त खाली. "नाही तर सगळंच पुढच्या वर्षावर. जेवायची सुट्टी संपायच्या आत सांगा म्हणाले. मी सांगितलं."

"फोन करता आला असता काका. काट्यावर फोन आहे."

"केला असता तर तू नको म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही केला."

खाली टँकर आला होता. बायकांची बादल्यांवरून भांडणं वर ऐकू येत होती. भोईरांनी मत घेतलं. बाजूने जयवंतीचा हात वर गेला. विरुद्ध प्रीतमचा, मग भोईरांचा. सगळ्यात शेवटी व्हॅलेरियनचा, खांद्यापर्यंतच. चुरीकाका खिडकीतून टँकर बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"ठराव नामंजूर," भोईर म्हणाले. मग उगाच, "चहा ब्येस झालता, बाय."

चपला एकेक करून कमी झाल्या. व्हॅलेरियन जिन्यात घुटमळला.

"मी बोलणारच होतो गं. पण काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि... आमच्या बाबाच्या मयताला पहिला खांदा त्यांनी दिलेला."

"माझ्याकडेही येऊन बसले होते ते," जयवंती म्हणाली. "सुमेधच्या वेळी. रात्रभर."

तो जिना उतरून गेला.

चुरीकाका शेवटी निघाले. दाराशी वाकून त्यांनी केळी उचलली, ज्ञानदाला शोधलं, ती दिसली नाही म्हणून परत शू-रॅकवर ठेवली. चप्पल पायात सरकवायला त्यांना वेळ लागला. जयवंतीला वाटलं, हात द्यावा. दिला नाही.

"पुढच्या रविवारपासून प्रीतमकडे जमू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुला उगाच त्रास."

"त्रास कसला, काका."

"तरी."

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. कठडा धरलेला हात तसाच.

"जया, त्या बायांना फिती काढायला तूच सांग उद्या. मला नाही जमायचं."

तिने मान हलवली. त्यांनी ती पाहिली की नाही, कोण जाणे. खाली टँकरवाल्याने पाइप गुंडाळला, आणि त्या गर्दीतून त्यांचा पांढरा शर्ट वाट काढत फाटकाबाहेर गेला.

जयवंतीने दार लावलं. सतरंजीवर पाच कप होते. व्हॅलेरियनची बशी तशीच भरलेली. उद्या मागच्या शेडकडे जायचं. सुकरी सूप खाली ठेवेल, दंड पुढे करेल, आणि टाचणी आपल्याला काढावी लागेल. परकराची फीत परत तिच्या हातात द्यायची, की आपल्याकडे ठेवायची?

ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात मघाची वाटी, हनुवटीला दूध. दाराच्या फटीतून तिने सगळं बघितलं असणार. ती आईच्या मांडीला टेकून बसली आणि शू-रॅकवरच्या केळ्यांकडे बघत राहिली. उठून घेतली मात्र नाहीत.

"आई," तिने विचारलं, "काकांनी आधी तुझ्यासाठी हात वर केला होता ना? मग नंतर का नाही केला?"