जांभळा अंगठा

‘अंगठा नीट दाबून घ्या, बाई. पुसट उमटला तर वर केस धरत नाहीत...’

हेडमास्तरांचा आवाज. दोन वर्षं झाली तरी कानात तसाच, हळू, जवळजवळ मायेचा — आणि समोर टेबलावर शाईचा पॅड, जांभळा, मधोमध झिजून खळगा पडलेला. प्रचारप्रमुख दत्तोपंत त्यावर शिक्का टेकवून प्रचाराच्या पत्रकांवर उमटवत होते. पत्रकावर नंदिनीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मूल हवं की नको, हे बाईनंच ठरवायचं.’ वाक्य तिचंच होतं. खरंही होतं. खरं वाक्य आपल्यासारखीच्या तोंडातून आलं तर त्याचं काय होतं, हे तिला कुणाला विचारता आलं नव्हतं.

सभा पाचला. आता चार.

आज सोमवार, म्हणून पोटात फक्त सकाळचं तीर्थ. त्या दिवशीही सोमवारच होता... आणीबाणीतला. प्रत्येक शिक्षकानं नसबंदीच्या ऑपरेशनच्या दोन केसेस आणायच्या, नाहीतर लांब गगनबावड्याला बदली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एक केस मिळाली होती, दुसरी मिळेना — आणि शाळेत पाणी भरणारी चिमणाबाई, पदरात एकच लेक, दुसरं राहत नाही म्हणून जोतिबाला नवस बोललेली, ती आपण होऊन म्हणाली, बाई, तुमच्या वळखीचा डाक्टर हाय का वो? आहे, मी म्हणाले. चल, तपासून घेऊ. कागद मी पुढं धरला. तिचा अंगठा मी धरला, शाई पुसट येऊ नये म्हणून वरून दाबला... आणि दुपारभर शिबिराच्या मांडवाबाहेर बसून जप केला, एकशे आठ, पुन्हा एकशे आठ. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. उपवास मोडला नाही, याचं तेव्हा समाधान वाटलं होतं.

तेव्हापासून अंबाबाईचा रोजचा नेम एकदाही चुकला नाही. फक्त नजर पावलांच्या वर जात नाही. राजवट बदलली, नोकरी सोडली, बायका म्हणाल्या, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा, तुम्ही हळू बोलता पण आत जातं. ती उभी राहिली. प्रत्येक सभेत एका भगिनीची गोष्ट सांगितली. बायका रडल्या. तीही रडली, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं — हेच तर...

आज सकाळी प्रचारात दारोदार बायका तिची ओटी भरत होत्या. गल्लीच्या टोकाला चिमणाबाईचं दार. ताट घेऊन ती उंबऱ्यातच उभी होती.

‘शनवारच्या मीटिंगीला आलतो की म्या,’ चिमणाबाई म्हणाली. ओंजळीतले तांदूळ तिनं एकही न सांडता पदरात सोडले. ‘माझीच गोष्ट सांगितलीसा न्हवं? समदं बराबर हाय. डाक्टर हाय, मांडव हाय, अंगठा हाय. तुमीच तेवढ्या न्हाईसा त्यात.’

‘गप की गं,’ तिची जाऊ धोंडुबाई आतून ओरडली. ‘बाई आमदार व्हनार, आन् तू जुनं काय उकरतीस?’

‘मत त्यास्नीच देतो की. दुसऱ्या कुनाला देऊ?’ तिनं नारळ तांदळांवर ठेवला, वर हळदीकुंकू वाहिलं. ‘पर आज म्होरं येऊन बसतो, बाई. एकदा सांगा.’

‘सांगते,’ नंदिनी म्हणाली.

जिची ओटी आपण कायमची रिकामी केली तिनं आपली भरावी, आणि आपण पदर पुढं करून उभं राहावं... नारळ अजून कमरेशी बांधलेला होता. घरी नेऊन ठेवायचं धाडस झालं नव्हतं.

‘चिमणाबाईच्या दारातलं कळलं मला,’ दत्तोपंत शिक्का न थांबवता म्हणाले. ‘ताई, आज तसलं काही बोलू नका. तुम्ही पडलात तर येणार कोण? शिबिरात हार घालून घेत होता तोच. मग त्या चिमणाबाईचं काय भलं होणार आहे?’

‘काहीच नाही.’

‘मग? आधी निवडून या. मागाहून सांगा हवं तर.’

दत्तोपंतांचं बरोबर होतं. सांगून चिमणाबाईची कूस उजवणार नव्हती. न सांगून निदान दुसऱ्या एखादीची वाचेल. तिनं हाच हिशेब पुन्हा केला आणि तो पुन्हा बरोबर आला... त्या सोमवारीही असाच आला होता. सासूबाई, बदली, एक अंगठा.

ती उठली. चपला पायात सरकवल्या.

‘जीप आहे की दारात,’ दत्तोपंत म्हणाले.

‘चालत जाते.’

‘ताई... काय बोलणार आहात?’

सभेच्या मैदानाकडं, खासबागेकडं जाणाऱ्या रस्त्याला ती लागली. लाउडस्पीकरवरून तिचंच नाव ऐकू येत होतं. सवयीनं ओठ हलले, पण जप येईना. जपमाळेचे मणी नुसतेच बोटांतून सरकत राहिले. वळणावर देवळाचं शिखर दिसलं. हात जोडले गेले. बळ दे, म्हणायचं होतं, क्षमा कर, म्हणायचं होतं — आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काहीच मागायचं नाही. मागण्यासारखं काही उरलंच नाही.

चिमणाबाई एव्हाना पुढं येऊन बसली असेल. कमरेचा नारळ पावलागणिक पोटावर हलकेच आपटत होता. तो एका हातानं सावरत ती चालत राहिली.