एक्केचाळीस पुड्या

एलोफ हालबेक, त्यांचे पुत्र तोर्केल, तोर्केलांचे पुत्र सिगवार्द आणि सिगवार्दांची मी एकुलती कन्या, रागनहिल्ड. उप्सालाच्या आमच्या घरात चार पिढ्या बुरशीचा अभ्यास झाला, आणि आमच्या शब्दापुढे कोणी बोलावे असे सहसा घडले नाही. वडिलांचे आयोडीनचे द्रावण मला वारशाने मिळाले. त्यात क्लोरल नावाचे रसायन असे, जे झोपेचे औषध म्हणूनही देत. त्याने सूक्ष्मदर्शकातले दृश्य लख्ख होई.

वाळल्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या वाट्या उगवतात. एकेका वाटीत हजारो लांबट पिशव्या, बहुधा प्रत्येकीत आठ बीजाणू. पिशवीचे टोक आयोडीनने रंगले तर बुरशी एका गटात जाते, न रंगले तर दुसऱ्या.

एकतीस वर्षांपूर्वी नॉर्वेतील गुडनी त्वेइतेन या टपाल वाटणाऱ्या बाईंनी मला अशा बुरशीच्या एक्केचाळीस पुड्या अभ्यासासाठी उसन्या पाठवल्या. सोबत लिहिले होते, ‘साध्या आयोडीनच्या पाण्यात टोके लाल होतात.’ मी वडिलांच्या द्रावणात पाहिले, टोके कोरी. प्रत्येक पुडीवर ‘रंग नाही’ अशी माझ्या सहीची चिठ्ठी डकवली. बुरशी-अभ्यासकांच्या वार्षिक सभेत त्या तिसऱ्या रांगेत बसल्या असताना मी म्हणाले, “बाईंच्या हातून काचेवर कॉफी सांडली असावी.” सभागृह हसले. त्या उठून गेल्या. पुड्या त्यांनी मागितल्या नाहीत, मी पाठवल्या नाहीत.

यंदा औषधवाल्याने परवान्याशिवाय क्लोरल देण्यास नकार दिला. माझा संग्रह संग्रहालयाला द्यायचा होता, कपाटे तपासणे भाग होते. नाइलाजाने साधे आयोडीनचे पाणी आणले. बाईंच्या कप्प्याशी आले, आणि पहिल्याच पुडीतली टोके विटकरी लाल झाली. वडिलांच्या बाटलीच्या तळाचे दोन थेंब दुसऱ्या काचेवर सोडले. कोरी. दृश्य लख्ख करणारे रसायनच लाली पुसून टाकत होते, आणि मी त्या बाईंना हसले होते.

चिठ्ठ्या उपटून टाकाव्यात, असा विचार मनात आला, हे कबूल करते. पण संग्रहाच्या रीतीप्रमाणे जुनी चिठ्ठी काढायची नसते. शेजारी नवी लावायची असते. बारा दिवसांत सगळ्या पुड्या तपासल्या. प्रत्येकीवर लिहिले, ‘टोक लाल. त्वेइतेन यांचे निरीक्षण बरोबर. माझे चूक. रा. हालबेक.’

पुड्या टपालाने पाठवणे सोपे होते. मी त्या स्वतः नेल्या.

“या, बाईसाहेब,” दार उघडून गुडनीबाई म्हणाल्या. “वाट चुकलात की काय?”

“एकतीस वर्षांपूर्वी चुकले होते,” मी म्हणाले आणि खोके त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी चष्मा लावून पहिली पुडी वाचली. बराच वेळ वाचली.

“जुनी चिठ्ठी फाडली नाहीत?”

“फाडायची नसते.”

“ठाऊक आहे मला. तुमचं तोंड बघायचं होतं.”

माझी मान आपोआप खाली गेली. त्यांनी कप भरून पुढे सरकवला. “घ्या. आणि सांडू नका हं.”

मग त्या एकेक पुडी उचलून मोठ्याने मोजू लागल्या. मी हात जुळवून बसून राहिले.

“एक्केचाळीस,” त्या म्हणाल्या. “सगळ्या आल्या.”