बोरकूट

सकाळी शेजारच्या पंचफुलानं दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू आनंदाबाईच्या ओटीत टाकलं, आणि दहाच्या आत बाई पिल्लाला पिशवीत घालून केळझरच्या स्टँडवर हजर! सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात जायचं होतं.

"काकू, आजच तं आणलं. चार दिवस रुळू तं द्या त्याले," पंचफुला हसली.

"तू नको शिकवू मले."

पंचफुलाला काय ठाऊक! तीस वर्षांपूर्वी असंच पिल्लू घरात आलं, तेव्हा हीच आनंदाबाई दारात आडवी उभी राहिली होती. "लेकरू असो का पिल्लू, सव्वा महिना बाहेर काढाचं नाई. नावबी तवाच ठेवाचं." तेही दीड महिन्याचंच पिल्लू, पण बाईनं सव्वा महिना मोजला तो घरी आल्या दिवसापासून. आता याला काय म्हणावं?

तेव्हा नऊ वर्षांचा असलेला तिचा अंकित मागेमागे फिरायचा. "आई, मी नाव ठरवलं."

"आत्ता तोंडातून काढू नको!"

लेकरानं काढलं नाही. शाळा सुटली की दप्तर फेकून थेट गोठ्यात. शाळेपुढच्या म्हातारीकडचं बोरकूट, वाळल्या बोरांचा आंबटगोड भुगा, खाऊन बोटं चिकट झालेली, ती बोटं पिल्लू चाटत बसायचं आणि हा खिदळायचा. गोठ्यात येणारं हिवाळ्याचं कोवळं ऊन, कापसाचा ढीग, त्यावर दोघं लोळताहेत. किती गोड दिवस होते ते! आठवले की आनंदाबाईचा जीव अजून कासावीस होतो.

एकविसाव्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली. तेव्हा कुठे बाई त्याला घेऊन दवाखान्यात धावली. "आणलं त्याच आठवड्यात दाखवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. पिल्लू बिननावाचंच गेलं. अंकित रडला नाही, भांडला नाही. फक्त पुन्हा कधी कुत्रं मागितलं नाही. आता नागपुरात नोकरीला आहे, रोज फोन करतो, पण त्या पिल्लाचा विषय नाही.

आजच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचे दात पाहिले, वजन केलं, जंताचं औषध पाजलं, लस टोचली. "अगदी वेळेवर आणलंत, आजी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत लागते. पुढची तीन-चार आठवड्यांनी, विसरू नका." मग कार्ड पुढे ओढलं. "नाव काय?"

गावभर तोंड चालवणाऱ्या आनंदाबाईनं डॉक्टरीणबाईंना हातानंच थांबवलं. मग तिनं फोन लावला.

"अंकू, मी पिल्लू घेऊन दवाखान्यात आली. आजच आणलं, आजच आली." तिनं पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. "तवा तू नाव ठरवलं होतं ना रे? मी बोलू नाई देल्लं. चुकलं माह्यं. काय होतं ते?"

विसरला असेल, बाईला वाटलं. इतकी वर्षं कोण लक्षात ठेवतं?

"बोरकूट," अंकित हळूच म्हणाला.

आनंदाबाईनं डोळे पुसले आणि फोन पिल्लाच्या कानाशी धरला.

"मोठ्यानं म्हण, बाळा. थो ऐकून राह्यला."