टोक खाली, सोनं वर

माझ्याकडे फार कौतुकानं बघू नका, मला लाज वाटते. मी एक ड्रिल आहे, ड्रिल मशीनला लावतात ते पिळाचं टोकदार हत्यार; पोलादाला भोकं पाडणं हा माझा धंदा. आता अर्धाच उरलोय, पण खिडकीतून ऊन आलं की उरलेलं अंग सोन्यासारखं झळकतं. वर्कशॉपमध्ये आलेला माणूस थांबतो आणि म्हणतो, "अरे वा, काय चमकतंय!" तेव्हा मी मेल्याहून मेल्यासारखा होतो.

जन्मलो तेव्हा मी साधा, करडाच होतो. कारखान्यात माझ्या अंगावर पिळाच्या पन्हळी कोरल्या, टोकाला धार दिली, आणि मग आमच्यातल्या काही भावंडांना वेगळं काढून दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे आधी आंघोळ. अंगावर तेलाचा थेंब नको की कुणाच्या बोटाचा ठसा नको. मग सगळी हवा काढून घेतलेल्या भट्टीत आम्हाला उभं केलं. टायटॅनियम नावाच्या धातूची वाफ आणि नायट्रोजन वायू यांचा मिळून एक थर आमच्या अंगावर बसला. बाहेर आलो ते सोनेरी होऊनच! सोन्याचा कणही नाही हो त्यात. थर इतका पातळ की त्याच्यापुढे केससुद्धा दोरखंड वाटावा, पण कडक असा की पोलादानं घासून घासून दमावं.

तिथून मी एका घरामागच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आलो. तिथे तीनच माणसं. सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांचा धाकटा मुलगा, लेथ चालवणारा. आणि थोरली सून. तिचा नवरा ऑर्डरी मिळवायला गावोगाव फिरायचा आणि ती ड्रिल मशीन सांभाळायची. बाईमाणसानं मशीनवर उभं राहणं बाबांना पटलेलं नव्हतं. साधी ड्रिलं सारखी बोथट होत होती, म्हणून तिनं हट्टानं मला मागवलं.

बाबांनी मला बोटांत फिरवून बघितलं. "रंगाला भुलतेस तू, सूनबाई."

"रंग नाही बाबा, कोटिंग आहे. वेग वाढवता येतो."

"बरं, बघू. पण हे फसलं तर मशीन सोडायचं आणि बिलांच्या टेबलावर बसायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. तिची सगळी उमेद माझ्या भरवशावर, आणि मी आपला बॉक्समध्ये मिरवत बसलेला.

पण काम मी चोख केलं, हे लाज बाजूला ठेवून सांगतो. तिनं वेग वाढवला, धार गार ठेवणारं कूलंट सोडलं आणि मला पोलादात उतरवलं. साध्या ड्रिलच्या धारेला कापलेला धातू चिकटून बसतो, मग ते तापतं, कुरकुरतं आणि झिजतं. माझ्या गुळगुळीत अंगावरून धातूच्या किसाच्या गुंडाळ्या भराभर सरकायच्या आणि तापलेला किस बरीचशी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जायचा. साधी भावंडं दुपारपर्यंत धार मागायला लागत, मी आठवडाभर ताठ! एकदा बाबांनी येऊन भोकाच्या कडेवर बोट फिरवलं आणि "ठीक आहे" म्हणाले. बाबांकडून एवढं म्हणजे सत्कारच. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मुलामा कितीही कडक असला तरी शेवटी झिजतोच. माझ्या टोकाचे कोपरे बोथट झाले. तेव्हा सून दोन दिवस माहेरी गेली होती. वहिनीचं काम अडायला नको म्हणून दिरानं प्रेमानं मला ग्राइंडरवर धरलं. धार सुरेख लावली, त्यात खोट नाही. पण धार लावायची म्हणजे टोक घासायचं, आणि टोक घासलं की त्यावरचा मुलामा जाणारच. पन्हळींत सोनं तसंच राहिलं, टोक मात्र उघडं पडलं. आता मला हळूच चालवायला हवं होतं. ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि त्यानं मला लाकडी ठोकळ्यात ठेवलं ते टोक खाली करून. बाबांचा तसा नियमच होता. कधीकाळी ठोकळ्यातून ड्रिल उचलताना उभ्या टोकानं त्यांचा अंगठा कापला होता. तेव्हापासून घरातलं प्रत्येक ड्रिल डोक्यावर उभं. माझं करडं टोक लाकडात दडलेलं, आणि वर नुसता झगमगाट.

"वहिनी, तुमच्या सोन्याला धार लावून ठेवलीय बरं का!" ती परत आल्यावर दीर म्हणाला.

"भाऊजी, जीव वाचवलात," ती हसून म्हणाली आणि मला उचलून, टोक खालीच ठेवून, न निरखता सरळ मशीनला लावलं. मी आतल्या आत ओरडत होतो. पण मला तोंड कुठलं?

मशीनवर एका मोठ्या पंपाचं झाकण होतं. गिऱ्हाइकानं दिलेला एकच जॉब. बाबांनी स्वतः दिवसचे दिवस लेथवर खपून तो घडवला होता, आता कडेची भोकं तेवढी उरली होती. तिनं नेहमीचाच वेग लावला. पहिली काही भोकं निभावली. मग माझे कोपरे जळून निळे पडले, मी किंचाळायला लागलो. तिचा हात बटणाकडे गेला, पण तेवढ्यात मी कडकन मोडलो. टोक जॉबमध्येच अडकलं.

बाबा धावत आले. "सांगितलं होतं ना, नुसता रंग आहे म्हणून! माती केलीस माझ्या कामाची!"

तिनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि मान खाली घालून बिलांच्या टेबलावर जाऊन बसली. मी मशीनच्या पकडीत अर्धा, चमकत. ती चमक मला तेव्हा इतकी नकोशी झाली, काय सांगू.

दिरानं खालच्या बाजूनं ठोकून टोक बाहेर काढलं, तळहातावर घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. तो बाबांसमोर गेला.

"बाबा, चूक माझी आहे. धार लावताना कोटिंग मीच घासून टाकलं. वेग कमी ठेवा, हे वहिनींना सांगायचं मला सुचलंच नाही."

"आणि हिला दिसलं नाही?"

"कसं दिसणार? टोक खाली ठेवायचं, हा तुमचाच नियम."

बाबा ठोकळ्यापाशी गेले आणि एकेक ड्रिल उपसून टोक वर करून ठेवू लागले. मध्येच एकदा बोट कापलं. ते तोंडात धरून त्यांनी उरलेली ड्रिलं उलटी केली. मग टेबलापाशी जाऊन, तिच्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, ऊठ. हे माझं टेबल आहे. बिलं मी बघतो."

तिनं डोळे पुसले, खुंटीवरचा ॲप्रन घेतला. गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून, त्या भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवून तिनं जॉब पुरा केला. आता इथे नवीन सोनेरी ड्रिल आहे. धार लावली की ते पुन्हा कोटिंगला जातं, आणि तोवर त्याला कुणी जोरात पळवत नाही.

मला मात्र ठोकळ्याच्या पहिल्या भोकात ठेवलंय, तुटकी बाजू वर करून. येणारा कौतुक करू लागला की ती सांगते, "चमक नका बघू, टोक बघा." ती रागानं म्हणत नाही, तेच जास्त लागतं.

माझं एक ऐकाल? जुना मुलामा उतरवून देणारेही असतात म्हणे. माझ्या अंगावरचं हे उरलंसुरलं सोनं तेवढं काढून टाका. मग खुशाल भंगारात टाका मला. निदान जो आहे तो दिसेन तरी.