तेहतीस मणी

ताजबींना कुत्र्यांचा राग होता असं नाही. त्यांच्या गावात, रत्नागिरीच्या खाली, होड्या लागल्या की माणसांच्या आधी कुत्रीच धक्क्यावर हजर व्हायची. पण ती धक्क्यावर. कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक खेप मातीने, हे ताजबींच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्यामुळे आखातात, रास अल खैमातल्या त्यांच्या मुलाच्या, यहयाच्या, घरात एक दिवस वासराएवढा करडा कुत्रा आला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मातीचा.

"इथे वाळू आहे, माती कुठाय?"

शेजारचं गोरं कुटुंब कायमचं मायदेशी गेलं होतं. सोफे गेले, गाडी विकली गेली, आणि हा पाण्याच्या भांड्याजवळ तसाच बसून राहिला होता. ताजबींची सोळा वर्षांची नात इनाया त्याला पट्ट्याला धरून घेऊन आली.

"दादी, ही इज अ ग्रेट डेन. जेंटल जायंट म्हणतात."

"जायंट आहे ते दिसतंय. जेंटल कोणी सांगितलं? त्यानेच?"

त्याचं नाव ऑस्कर. ताजबी त्याला पहिलवान म्हणू लागल्या. अट एकच घातली: स्वयंपाकघराचा आणि नमाजाच्या खोलीचा उंबरठा त्याने ओलांडायचा नाही. पोर्चलगतची खोली त्याची. ताजबींचे धाकटे भाऊ रफिक गावाहून आले तेव्हा बिस्किटाच्या डब्यात भरून तांबडी माती घेऊन आले. एअरपोर्टवरच्या माणसाने डबा उघडला, वास घेतला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत परत दिला. तो डबा मागच्या नळाशी ठेवला गेला. वर्षभर ताजबींना त्याची फारशी गरज पडली नाही, कारण पहिलवान त्यांना चार हात दूर राहून बघायचा. मोठ्या माणसाला कसं बघावं, तसं.

मग मार्चमधल्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून यहया घरी आला, त्याला बघून पहिलवान धावला आणि मध्येच त्याचे चारही पाय मोडल्यासारखे झाले. आडवा पडला. मिनिटभरात उठला, अंग झाडलं, जणू काही झालंच नाही. पण यहयाचा चेहरा उतरला होता. कुत्र्याला मागच्या सीटवर घालून, इनायाच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवून, सगळे दवाखान्यात गेले. ताजबीही. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या चप्पल घालून पुढच्या सीटवर बसूनच होत्या.

जनावरांच्या डॉक्टर वासंती साताऱ्याकडच्या निघाल्या. त्यांनी पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलताना दाखवलं.

"आजी, याचं हृदय मोठं झालंय. मोठं म्हणजे बळकट नव्हे. फुगा फुगवून फुगवून सैल पडावा, तसं. रक्त पुढे ढकलायला जोर पुरत नाही, आणि ठोक्यांचा तालही बिघडलाय."

"कशाने झालं?" यहयाने विचारलं. "खाण्यात काही आलं का? की उन्हाने?"

"ऊन लागून हे होत नाही. या जातीत हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं. बापाकडून नाहीतर आईकडून. याची सख्खी भावंडं कुठे असतील तर त्यांनाही तपासायला हवं. वरून काही कळत नाही हो. खातात, पितात, धावतात, आणि एक दिवस पडतात."

यहया पुढचं विचारत होता, गोळ्या किती, बरा होईल का. बरा होणार नाही, पण नीट सांभाळलं तर काही महिने, कदाचित वर्षभर सुखाने राहील, असं डॉक्टर सांगत होत्या. ताजबींच्या कानात यातलं काही शिरलं नाही. हृदय मोठं झालंय. हे वाक्य त्यांनी आयुष्यात आधी एकदाच ऐकलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी, नवरा आखातात कामाला होता त्या रुवैसहून आलेल्या पेटीसोबत.

पेटीत दोन लुंग्या, घड्याळ, प्लास्टिकच्या तेहतीस मण्यांची हिरवी तसबी आणि एक कागद होता, अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी. कंपनीच्या ओळखीच्या माणसाने तो ताजबींना वाचून दाखवला. ताजबींचे मालक खैरुद्दीन बांधकामाच्या परांचीवर चढले होते, तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. वय त्रेचाळीस. कागदावर लिहिलं होतं की हृदयाचा आकार वाढलेला होता. त्याच्या दोन वर्षं आधी खैरुद्दीनचे धाकटे भाऊ हम्माद असेच होडी ओढता ओढता गेले होते. सासूने कागदाची घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

"घरात दोन मुली उजवायच्यात," सासू म्हणाली. "या घरातल्या माणसांचं काळीज कच्चं, असं एकदा गावात झालं की कोणी दारात पाऊल टाकणार नाही. ऊन लागलं म्हणायचं. आखातात ऊन लागतंच."

ताजबींनी तसंच म्हटलं. मग इतक्यांदा म्हटलं, की मुलालाही तेच सांगितलं. लहानपणी यहया बाहेर पडला की डोक्यावर ओला रुमाल. मोठेपणी खिशात मीठ-साखरेची पुडी. रुवैसमधली मोठ्या पगाराची नोकरी चालून आली, तेव्हा "ऊन तुमच्या घराण्याला सोसत नाही" म्हणून त्यांनीच नाही म्हणायला लावलं. यहया टाइल्सच्या कारखान्यात, एसीच्या ऑफिसात बसला. आजही गाडीपासून दारापर्यंत छत्री उघडून यायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा हबीबी, माझे वडील उन्हाने गेलेत."

दवाखान्यातून आल्यापासून घराचं वेळापत्रक कुत्र्याच्या हातात गेलं. सकाळी खाण्याआधी तासभर एक गोळी, ताल सावरायची दुसरी, पाणी उतरवायची तिसरी. ती घेतली की पहिलवान दर दोन तासांनी दाराशी. मीठ बंद. इनायाने फ्रीजवर कागद चिकटवला आणि दादीला बजावलं, "नो सुकट, नो पापड. प्रॉमिस?" आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो गाढ झोपला की मिनिटाला श्वास किती ते मोजायचं. तिसाच्या आत असले तर ठीक. वर गेले तर छातीत पाणी साचतंय, तडक दवाखाना.

पण मोजणार कोण? यहया कारखान्यात, सून उमैमा शाळेत शिकवायला, इनाया तिच्या शाळेत. दुपारी घरी एकट्या ताजबी.

"दादी, फोनवर टायमर आहे, यू जस्ट टॅप."

"मला नको तुझं टॅप. भिंतीवर घड्याळ आहे. मोजायचं मी करीन माझ्या पद्धतीने."

पद्धत म्हणजे ती हिरवी तसबी. ज्या मण्यांवर अल्लाचं नाव घ्यायचं, त्यांवर कुत्र्याचे श्वास मोजायचे? पहिल्या दुपारी त्या बराच वेळ मणी हातात धरून दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, श्वास काही कुत्र्याने स्वतः केलेला नाही, तोही अल्लाचाच, आणि खुर्ची ओढून बसल्या. सेकंदकाटा बारावर आला की सुरू. फासळ्या वर गेल्या, खाली आल्या, एक मणी. बावीस. चोवीस. काटा फिरून येईपर्यंत बोटाखाली तीनाहून जास्त मणी उरलेले असले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

एप्रिल गेला, मे तापला. पहिलवानची पाठ सुकत चालली, पण ताजबींच्या खुर्चीचा आवाज आला की शेपूट जमिनीवर आपटायची. एका दुपारी सगळे तेहतीस मणी संपले आणि काटा अजून नऊवर होता. त्यांनी फोन लावला, यहया अर्ध्या तासात आला, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिलवान स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला.

"आजींनी मोजलं म्हणून वाचला," डॉक्टर वासंती म्हणाल्या होत्या. "वेळेवर कळलं की बरंच काही करता येतं."

ते वाक्य ताजबींना टोचत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर यहया दिवाणखान्यात सोफ्यावरच झोपला. त्याआधी गॅलरीतली एक कुंडी हलवून तो मध्येच थांबला होता, कठड्याला हात टेकून. ताजबींनी ते पाहिलं होतं. गेल्या रमजानपासून जिन्यावरही थांबायचा. वय चव्वेचाळीस, बापाच्या एक वर्ष पुढे. ताजबी समोर बसल्या होत्या. त्यांचं बोट पुढे सरकत होतं, आणि अकराव्या मण्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कुत्र्याचे नाही, मुलाचे श्वास मोजतोय.

त्या उठल्या. गावाहून सोबत आणलेल्या त्याच पेटीच्या तळातून कागद काढला आणि मुलाला हलवलं.

"यहया. ऊठ. हे वाच."

तो डोळे चोळत वाचू लागला. दोनदा वाचलं. मग उठून बसला.

"हे अब्बांचं? कार्डिओमायोपथी लिहिलंय अम्मी. हे तर..." त्याने पोर्चच्या खोलीकडे पाहिलं.

"हो. तेच. तुझ्या हम्मादचाचांचंही तेच असणार. ऊन नव्हतं लागलं कोणाला."

"छत्तीस वर्षं?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "छत्तीस वर्षं मी छत्री घेऊन फिरतोय, अम्मी. ऑफिसात माझं नाव छत्रीवाला पडलंय."

"तुझ्या आत्यांची लग्नं व्हायची होती."

"त्या आता आज्या झाल्या! त्यांची लग्नं झाल्यावर तरी सांगायचं!"

खोटंसुद्धा रोज वापरलं की अंगवळणी पडतं, हे ताजबी मुलाला कसं सांगणार? त्या एवढंच म्हणाल्या, "कुत्र्याची भावंडंही तपासा म्हणते ती बाई. आणि मी माझ्या पोटच्या पोराला..."

यहया दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. "यल्ला अम्मी, चल. इनायालाही घेतलंय. तू येणार ना? चप्पल घालून बसली असशीलच."

माणसांच्या दवाखान्यातही तसाच पडदा होता, तसंच काळंपांढरं हलणारं. इनायाचं हृदय आज ठीक होतं, मात्र दरवर्षी बघायचं ठरलं. यहयाचं सैल पडू लागलं होतं. थोडंसं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, गोळ्यांनी आवरता येईल, धावपळ नको, मीठ कमी. ऊन चालेल का, असं यहयाने विचारलं तेव्हा डॉक्टरांना काही कळेना, आणि बापलेक दोघंही हसायला लागले. ताजबी तोंडावर ओढणी धरून रडत होत्या, त्याही मध्येच हसल्या.

आता स्वयंपाकघराच्या फळीवर दोन डबे आहेत. पहिलवानचा निळा, यहयाचा पांढरा.

"डबे बदलू नकोस हं," यहया रोज सकाळी म्हणतो. "नाहीतर ऑफिसात जाऊन भुंकायला लागेन."

"जेवायच्या आधी तासभर घे आणि गप बस," ताजबी म्हणतात. ती सूचना निळ्या डब्याची आहे, पण त्या दोघांनाही सांगतात.

पहिलवान थकत चाललाय. त्याचा शेवट कसा होणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच कोणी त्याला घाई करत नाही. जूनमधल्या एका दुपारी ताजबी खुर्चीवर बसल्या होत्या, तो उठला, चार हातांचं अंतर पहिल्यांदाच ओलांडून आला, खुर्चीशी बसला आणि आपलं जड डोकं त्यांच्या मांडीवर ठेवून झोपी गेला. सलवार ओली झाली, हात ओला झाला. ताजबींनी मागच्या नळाकडे पाहिलं. सात वेळा धुवायचंच आहे, पण उठलं तर हा जागा होईल. थोड्या वेळाने धुऊ.

दुसरा हात कोरडा होता. त्या हाताने त्यांनी फोन उचलला. गावी हम्मादच्या घरी एक मुलगा, अबुजर, आणि त्याची लेक, जिचं लग्न ऑगस्टमध्ये ठरलं होतं. फोन पुढे ढकलायला हे कारण त्यांना चार दिवस पुरलं होतं.

"असलामवालेकुम चाची! काय म्हणतंय ऊन तुमच्याकडचं?"

"वालेकुम सलाम. ऊन राहू दे," ताजबी म्हणाल्या. पहिलवानच्या फासळ्या वर गेल्या, खाली आल्या. "अबुजर, बाळा, कुठे आहेस? खाली बस जरा. तुझ्या अब्बांचं एक खरं सांगायचं राहिलंय."