मधोमधची पीच

नांदेडच्या त्या मैदानावर नरसिंगची बावीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी एकट्या पीचपायी गेली म्हटलं तरी चालेल. क्रिकेटची पीच, बरोब्बर मैदानाच्या मधोमध. बिलोलीकडची काळी माती त्यानं स्वतः पारखून आणली होती. थरावर थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून ती अशी बसवली होती, की खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकावा. कागदोपत्री गडी साधा माळी. पण पीचचा विषय निघाला की असा बोलायचा, जसं काही मैदान सासऱ्यानं आंदण दिलंय!

आणि अशात ही फुटबॉलची भानगड आली. मुलींची मोठी स्पर्धा, देशोदेशीचे संघ. सामने बड्या शहरांत. पण एका परदेशी संघाला पंधरा दिवस सरावासाठी जागा हवी होती आणि यादीत दोनच नावं उरली होती, नांदेड आणि लातूर. दोन महिन्यांनी तपासणी, मग दोघांतलं एक. फुटबॉलला मधोमध पीच चालत नाही, हे तर शाळकरी पोरालाही कळतं.

मैदानाचा कारभार बघणाऱ्या अमृतराव साहेबांनी त्याला बोलावलं.

"नरसिंग, खोदाखोदी करायची न्हाई. पीचवर दोन बोटं माती टाका. पुण्याहून तयार हिरवळीच्या गुंडाळ्या मागवू अन् अंथरून टाकू. दोन दिवसांचं काम."

"अन् खालचं, साहेब?"

"खाली कोण बघायलंय? स्पर्धा झाली की काढा हिरवळ, तुमची पीच हाय तिथंच हाय."

खरं सांगायचं तर नरसिंगला लई आनंद झाला. घरी गेला तो हसतच.

"वाचली का माझी सवत?" पंचफुलानं चहा ओतता ओतता विचारलं. त्या पीचला ती सवतच म्हणायची. नवरा सणासुदीलासुद्धा तिच्याजवळ, म्हटल्यावर बाई दुसरं काय म्हणणार?

"वाचली," नरसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लातूरहून मल्लिनाथचा फोन आला. तो तिकडच्या मैदानावरचा माळी. दोघांची वीस वर्षांची दोस्ती, आणि तितकीच जुनी चिडवाचिडवी.

"शरणू, नरसिंगराव!" नमस्काराच्या जागी तो शरणूच म्हणायचा. "संघ लातूरलाच यायलाय बघा. तुम्ही बसा पीचला कुरवाळत."

"आधी पाण्याचं बघा तुमच्या. पोरी टँकरमागं पळतील का चेंडूमागं?" नरसिंगनं सुनावलं. मग हळूच विचारलं, "तुमच्या पीचचं काय केलं?"

"काय करायचं? झाकली. वरून हिरवीगार."

"अन् पोरी पडल्या तर?"

"पडल्या तर पडल्या. खेळायलाच यायल्यात ना?"

नरसिंग हसला खरा, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. पीचवर पडणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आडवी पळताना गुडघे फोडून घेतलेली कितीतरी पोरं त्यानंच धरून नळावर नेली होती. त्या पोरांना निदान पीच दिसत तरी होती. या पोरी हिरवळ बघून बिनधास्त अंग टाकणार.

भर दुपारी मैदान रिकामं होतं. नरसिंगनं पीचवर एक गोणपाट दुमडून टाकलं, इकडंतिकडं बघितलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दाणकन गुडघ्यांवर पडला. अयाई गं! डोळ्यांपुढं काजवे चमकले. गोणपाट होतं म्हणून नुसतं सुजण्यावर भागलं. पंचफुलानं हळद लावता लावता त्याला यथेच्छ झापलं.

लंगडतच तो साहेबांकडं गेला. "खोदावंच लागंल, साहेब."

अमृतराव खुर्चीतच सरळ झाले. "अन् गवत धरलं न्हाई तर? मधोमध टक्कल घेऊन उभं राहायचं का तपासणीला? संघ लातूरला गेला तर शहरात तोंड दाखवायला जागा न्हाई. लिहून द्या, जबाबदारी तुमची."

नरसिंगनं लिहून दिलं. खाली सही केली, तारीख टाकली.

पहिला घाव त्यानंच घातला. कुदळ टणकन वर उडाली आणि त्याला भडभडून आलं. मजुरांसमोर रडायची लाज वाटली, पण रडलाच. चार दिवस लागले. दोन फूट खाली, पार विटांच्या तुकड्यांपर्यंत सगळं काढलं. मग वाळू, माती, शेणखत घालून हरळी लावली. शेतकरी जिला उपटता उपटता म्हातारा होतो, तिला हा रोज झारीनं पाणी घालायचा. तीन आठवडे काही म्हणता काही दिसेना. अमृतराव येऊन नुसते बघून जायचे. चौथ्या आठवड्यात हरळी धरली, आणि मग असली पसरली की बास.

तपासणीला सुकन्या मॅडम आल्या, कोल्हापूरच्या, एकेकाळच्या खेळाडू. हातात टोकदार सळई घेऊन त्या पावलापावलाला जमिनीत खुपसत चालल्या होत्या. मध्यावर आल्या. चार ठिकाणी खुपसली, चारही ठिकाणी सारखीच गेली.

"इथं कधी क्रिकेटची पीच नव्हती वाटतं?"

"छे छे, कधीच न्हाई मॅडम!" अमृतराव घाईनं म्हणाले.

मागं उभ्या नरसिंगनं जमिनीकडं पाहिलं. पीच कुठं सुरू होत होती, हे त्यालाही आता ओळखू येईना. आपलंच काम इतकं चोख झालं होतं, की जणू ती बावीस वर्षं झालीच नव्हती.

"होती, मॅडम," तो बोलून गेला. "म्या केल्ती. म्याच काढली."

अमृतरावांचा चेहरा उतरला. मॅडम वळल्या.

"किती खोल काढली?"

"दोन फूट. विटांपर्यंत."

त्यांनी पुन्हा एकदा सळई खुपसली, बाहेर काढली, तिच्या टोकाची माती बोटांनी चुरगळून बघितली. "मुली इथंच येतील," म्हणाल्या आणि कागदावर खूण करून पुढं गेल्या.

त्या जरा लांब गेल्यावर अमृतरावांनी कपाळाचा घाम पुसला. "काहून बोललात हो? सगळं बिघडलं असतं. अन् तुम्ही बोलला नसता तर कुणाला कधी कळलंसुद्धा नसतं."

"हाव, साहेब," नरसिंग म्हणाला. "म्हणूनच बोललो."