केसालाही धक्का नाही

"किती कापणार?" हेडक्लार्कनी डोक्यामागे हात धरत विचारलं.

"पेन्सिलीच्या जाडीची एक बट, काका. मागून, अगदी मुळापासून," कात्री घेऊन उभी असलेली संशोधक मुलगी म्हणाली.

"पेन्सिलीच्या? अहो, तेवढ्यात माझा सगळा संसार आटोपेल."

अतिशयोक्ती नव्हती. मागचे केस वाढवायचे, पाणी लावून पुढे आणायचे आणि टक्कल झाकायचं, यात त्यांची रोजची सकाळ जात असे. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको हसू दाबत बसली होती. ती याच इस्पितळात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होती. तिची बट कापून कागदात गुंडाळूनही झाली होती.

इस्पितळात एक संशोधन चाललं होतं. माणसावर ताण आला की अंगात एक रसायन वाढतं आणि त्याचा अंश वाढत्या केसात अडकून राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून मुळापासून मोजत गेलं की कोणत्या महिन्यात किती ताण होता याचा अंदाज येतो. त्यासाठी कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांचे केस हवे होते. बायकोने हे सहज सांगितलं, तर हेडक्लार्क हातातला पेपर टाकून म्हणाले, "माझं नाव घाल. एकदा शास्त्रालाच सांगू दे."

"केसांना रंग लावता का?" मुलीने विचारलं.

"छे. आमच्या घराण्यात कुणाचे पिकतच नाहीत."

बायकोला खोकला आला.

हेडक्लार्क पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसत. सतत वाफ धरून असल्यामुळे आणि दर थोड्या वेळाने शिट्टी देत असल्यामुळे तिथे त्यांना सगळे कुकर म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. निदान कचेरीत तरी आपल्या डोक्याच्या तापाची नोंद घेतली जाते, असं त्यांना वाटे. घरी आले की पिशवी खुंटीला लावता लावता सुरू होत: साहेब काय म्हणाला, शिपाई कसा नाकाने कांदे सोलतो, कोण कुणाचे कान भरतो. बायको ऐकून घेई. मध्येच "मग तुम्ही काय म्हणालात?" असंही विचारी. कधी तेलाची वाटी घेऊन त्यांच्या डोक्याला मालिश करून देई. तेव्हा ते डोळे मिटून म्हणत, "तुझं बरं आहे. पट्ट्या बांधल्या की सुटलीस. आमचं तसं नाही."

ती म्हणे, "हो, तेही खरंच."

निकाल लागायला बरेच महिने गेले. बोलावणं आलं त्या दिवशी हेडक्लार्क इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे निघाले.

"एकेका माणसाच्या आकड्यावरून फार काही म्हणता येत नाही," मुलीने आधीच सांगून टाकलं. "पण काका, तुम्ही आग्रहच धरला म्हणून सांगते. तुमचं कमी आहे."

"किती जास्त?"

"जास्त नाही. कमी. आम्ही तपासलेल्यांत सर्वांत कमी. आम्हाला वाटलं यंत्रच बिघडलं, म्हणून पुन्हा केलं. तेवढंच आलं."

हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. कुणी भरसभेत पगडी उतरवावी तसं त्यांना झालं. "तुमची काहीतरी गफलत झाली असेल. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा."

"तुम्ही शांत आहात, चांगलं आहे की."

"मी शांत नाही," ते शांतपणे म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "हे बघा, मी रंग लावतो. बरीच वर्षं लावतो. त्याने धुऊन गेला असेल सगळा ताण."

"रंगाने थोडा फरक पडतो," मुलगी म्हणाली. "पण इतका नाही."

म्हणजे रंगही उघडा पडला आणि ताणही गेला. बायकोने तोंडाला पदर लावला होता.

"सिस्टर, तुमचं यांच्यासमोर सांगू?"

"सांग की. त्यात काय लपवायचंय."

मुलीने आलेखाचा कागद वळवला. बायकोची रेघ सरळ जात होती, मध्येच अशी चढली होती की कागदाची वरची कड गाठायला थोडीच उरली होती. "हे साधारण दोन महिने. त्या वेळी काही झालं होतं का?"

बायकोने त्या चढावर बोट ठेवलं. "रंगाच्या गोदामाला आग लागली होती ना, तेव्हाचं असेल," ती म्हणाली. "वॉर्ड भरला होता. असो. चला, मला ड्युटीवर जायचंय."

हेडक्लार्क एकटेच घरी निघाले. ते दोन महिने त्यांना लख्ख आठवत होते. त्यांच्या डोक्यावरचा पंखा काढून नव्या साहेबाच्या खोलीत लावला होता. ते दोन महिने घरात पंख्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आगीची बातमीही त्यांनीच बायकोला पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि वर म्हणाले होते, "बघ, जगात काय काय चाललेलं असतं." ती तेव्हा नुकतीच वॉर्डातून येऊन पाय धूत होती. ती म्हणाली होती, "हो का?" आणि मग विचारलं होतं, "पंख्याचं काय झालं?"

संध्याकाळी ती ड्युटीवरून आली. हेडक्लार्कनी ताटं मांडून ठेवली होती. एक पालथं होतं, पण मांडली होती. ती वाढायला लागली. शिपायाची एक चांगली ताजी भानगड त्यांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली.

"आज वॉर्डात काय झालं?"

ती थबकली. "का हो? बरं वाटत नाही का?"

"नाही, सहज. सांग."

"जेवताना नको. तुम्हाला बोट कापलेलं बघून घेरी येते."

"येऊ दे."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पळी भांड्यात ठेवून समोर बसली. "एक आचारी आहे. कढई उलटली अंगावर. मांडीची कातडी काढून हातावर लावलीय. आज पहिल्यांदा पट्टी सोडली. पट्टी चिकटलेली असते, ती सलाइनच्या पाण्याने भिजवून भिजवून काढावी लागते. घाई केली तर बरोबर नवी कातडीही येते. तो ओरडत नाही. तेच जड जातं. ओरडला तर बरं."

हेडक्लार्क पांढरेफटक पडले. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"पुरे करू?" तिने विचारलं.

"मग? धरली का कातडी?"

"कोपराच्या खाली धरलीय. छान गुलाबी दिसतेय. वर नाही धरली."

"म्हणजे आता काय करणार?"

बायकोने खुर्ची पुढे ओढली आणि सांगू लागली. आचाऱ्याचं, मग त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं, मग गोदामाच्या आगीतल्या त्या पोरीचं, जिचं नावही या घरात कधी निघालं नव्हतं. जेवण निवत होतं. हेडक्लार्कांच्या कपाळावर घाम डवरला होता, मागून पुढे आणलेले केस एका कानावर लोंबत होते, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून ते म्हणत होते, "हं. पुढे?"